ढोबळी मिरचीची रोपं घरात करताय? मग उन्हाळ्यापासून उलटं मोजा

ताई, तुमचा प्रश्न वाचला, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहता, बाल्कनी पूर्वेची. बहीण न्यू जर्सीत असते, ती दरवर्षी घरातल्या घरात ढोबळीची रोपं करते आणि तिनं सांगितलं की शेवटच्या हिमाच्या, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीच्या, आठ-दहा आठवडे आधी बी टाकायचं, आपल्याकडे हिमाचा प्रश्नच नाही म्हणून तुम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकून मोकळ्या झालात. अर्धं बी पाकिटातलं, अर्धं मंडईतून आणलेल्या हिरव्या ढोबळीतलं. ट्रे बाल्कनीत होता. तीन आठवडे होत आले, १२ कप्प्यांत ३ उगवली, ती आत आणून खिडकीशी ठेवलीत तर लांबट होऊन काचेकडे वाकली, आणि त्यातलं एक काल आडवं पडलं. आता विचारताय की बी खराब लागलं का आणि ग्रो लाइट, म्हणजे रोपांसाठीचा दिवा, घेऊ का.

मी नारायणगावच्या बाजूला भाजीपाल्याची नर्सरी चालवतो, टोमॅटो जास्त, पण ढोबळी आणि साधी मिरचीही दरवर्षी बऱ्यापैकी असते. त्यामुळे जे सांगतोय ते नर्सरीतल्या अनुभवावरून, बाल्कनीला लागू करताना जरा इकडंतिकडं होईल. माझं मत विचाराल तर पाकिटातलं बी खराब असण्याची शक्यता कमी आहे आणि लाइटचा नंबर बराच नंतर लागतो. तुमची पहिली अडचण आहे ऊब, आणि त्याहून मोठी अडचण आहे महिना.

आधी उबेचं बघू. मिरचीवर्गातलं बी उगवायला टोमॅटोपेक्षा जास्त ऊब मागतं. ट्रेमधलं तापमान २५ ते ३० अंश असेल तर ढोबळी आठ-दहा दिवसांत वर येते. २० अंशाला तेच बी दोन आठवडे घेतं. १५ च्या आसपास तीन-साडेतीन आठवडे आणि तेही सगळं एकदम नाही, आज एक परवा एक असं. आता पुण्यात डिसेंबरात रात्रीचा पारा १०-१२ ला येतो, आणि लोक इथेच फसतात, की दुपारी तर २८-२९ असतं ना मग काय अडचण. अडचण अशी की ओला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा, हवेपेक्षा नेहमी थंड असतो कारण त्यातलं पाणी सतत उडत असतं, त्यात बाल्कनीत वारा, म्हणजे दुपारचे तीन-चार तास सोडले तर बी थंड ओल्यात बसून राहतं. जे बी बरेच दिवस थंड ओल्यात राहतं ते कुजायला लागतं. तुमच्या न उगवलेल्या कप्प्यांत बोट घालून बघा, बी दाबल्यावर पिचकन फुटलं तर कुजलंय, टणक असेल तर अजून जिवंत असू शकतं, ट्रे उबेला ठेवा आणि आठ-दहा दिवस वाट बघा.

आम्ही नर्सरीत काय करतो ते सांगतो म्हणजे ऊब किती महत्त्वाची ते कळेल. बी टाकून पाणी दिलं की ट्रे लगेच मांडत नाही, एकावर एक रचतो आणि सगळी थप्पी काळ्या प्लास्टिकनं गुंडाळून खोलीत ठेवतो. आत ऊब आणि ओल दोन्ही धरून राहतात. ढोबळीच्या बियाला उगवायला उजेड लागत नाही. पण पाचव्या दिवसापासून रोज प्लास्टिक उचलून बघावं लागतं, कारण थोडे कोंब दिसले की त्याच दिवशी ट्रे सुटे करून उजेडात मांडायचे असतात, एक दिवस उशीर झाला तरी अंधारात कोंब पांढरे लांब होतात आणि ते रोप पुढे कधीच जाड होत नाही.

घरी याचं सोपं रूप म्हणजे मटकीला मोड आणतो तसं करायचं. बी सहा-आठ तास कोमट पाण्यात भिजवा, मग ओल्या पण पिळून घेतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, झाकण किंचित उघडं, आणि डबा घरातल्या उबदार जागी. फ्रिजवर ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण नवीन फ्रिजचा वरचा भाग फारसा गरम होत नाही, आधी हात लावून बघा. राउटर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या वर चांगली ऊब असते, डब्याखाली एक घडी घातलेला नॅपकिन ठेवा म्हणजे जास्त तापणार नाही. ३५ च्या वर गेलं की उगवण परत घसरते. कोंब दोन-तीन मिलिमीटर दिसला की बी अलगद उचलून कप्प्यात, कोंब खाली करून. मुळी फडक्यात गुंतेपर्यंत थांबू नका, ओढताना तुटते. आणि हो, पाकिटातलं बी गुलाबी किंवा रंगीत असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, ते भिजवू नका, सगळं औषध पाण्यात जातं, ते सरळ कप्प्यात टाका, नंतर हात साबणानं धुवा आणि मुलांना हात लावू देऊ नका.

आता महिना. तुमच्या बहिणीचं गणित तिच्या जागी शंभर टक्के बरोबर आहे. न्यू जर्सीत हिम एप्रिल-मेपर्यंत कधीही पडू शकतं, ढोबळीला थंडी अजिबात सोसत नाही, म्हणून ती मार्चमध्ये घरात हीट मॅटवर, म्हणजे ट्रेखाली ठेवायच्या विजेच्या गरम चटईवर, बी टाकते आणि मेच्या मध्यानंतर रोपं बाहेर नेते, पुढे अख्खा उन्हाळा तिच्या झाडाला मिळतो. तिचा उन्हाळा म्हणजे ढोबळीचा हंगाम. आपल्याकडे नेमकं उलटं, आपला उन्हाळा हा ढोबळीचा शत्रू आहे. दिवसा ३२-३३ च्या वर आणि रात्रीही गरम राहायला लागलं की ढोबळीची फुलं गळतात, झाड हिरवंगार दिसतं, फुलतं, आणि एकही फळ धरत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे फोटो टाकून "फुलं गळतात, काय फवारू" असं विचारणारे दहा जण असतात. त्यावर फवारा नाही हो, उष्णता कमी करा एवढंच उत्तर आहे.

म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यापासून उलटं मोजायचं. पुण्यात मार्च लागला की दुपार तापायला लागते, तोवर बहुतेक फळं धरून झालेली हवीत. फूल लागल्यापासून हिरवं फळ भरायला साधारण दीड महिना लागतो, लाल-पिवळं हवं असेल तर त्यापुढे अजून दोन-तीन आठवडे, थंडीत त्याहून जास्त. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत झाड जरा थबकतं, म्हणजे पहिली फळं ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरात धरायला हवीत. त्यासाठी रोप सप्टेंबरच्या शेवटी मोठ्या कुंडीत गेलेलं हवं. रोप तयार व्हायला ३५ ते ४० दिवस. म्हणजे आलो कुठे? ऑगस्टच्या मध्यावर. आमच्याकडे उघड्या शेतातल्या ढोबळीसाठी रोपांची मागणी ऑगस्ट-सप्टेंबरातच येते ती याच हिशेबानं.

आता तुमचं डिसेंबरचं बी घ्या. थंडीमुळे रोप तयार व्हायला दोन महिने धरा, फेब्रुवारीत कुंडीत, मार्चच्या शेवटी पहिलं फूल, म्हणजे बरोब्बर तापायला लागल्यावर. पॉलीहाऊसवाले वर्षभर घेतात मग आपण का नाही असं कुणीतरी म्हणेलच, पण त्यांच्याकडे शेडनेट म्हणजे सावलीची जाळी असते, वर धुक्यासारखं पाणी सोडणारे फॉगर असतात, ती वेगळी गोष्ट आहे.

हे सगळं जागेवर अवलंबून आहे हे मात्र लक्षात घ्या. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात डिसेंबरातही रात्री एवढ्या थंड नसतात, तिथे उगवण हा प्रश्नच नाही, तिथे पाऊस नि दमट हवा हा प्रश्न आहे, म्हणून पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरात टाकलेलं बरं. नागपूरकडे हिवाळी रात्र आपल्यासारखीच थंड आणि उन्हाळा आपल्यापेक्षा वाईट, तिथे ऑगस्ट चुकला तर पुढच्या वर्षीच बघा. महाबळेश्वर-पाचगणीला ज्यांचं घर आहे त्यांची चैन आहे, त्यांचा उन्हाळाच ढोबळीला मानवतो. पुण्यातही चौथा मजला पूर्वेचा आणि टॉप फ्लोअर पश्चिमेचा यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पूर्वेची बाल्कनी ही ढोबळीसाठी चांगली बाल्कनी आहे, सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचा भट्टा चुकतो.

बियाचं बोलतो. मंडईतली हिरवी ढोबळी म्हणजे कच्चं फळ असतं, तीच झाडावर राहिली तर जातीप्रमाणे लाल किंवा पिवळी होते. कच्च्या फळातलं बी भरलेलंच नसतं, चपटं पांढरं दिसतं आणि बहुतेक उगवत नाही. तुमचे रिकामे कप्पे जास्त करून त्या बाजूचे असतील, बघा. लाल-पिवळ्या फळातलं बी पिकलेलं असतं, ते उगवतं, पण ती फळं बहुतेक पॉलीहाऊसमधल्या संकरित जातींची, त्यांच्या बियांतून आईसारखंच झाड येईल याची खात्री नाही, शिवाय त्या जाती दोरीवर चढवून वाढवायच्या, उंच जाणाऱ्या. हौस म्हणून लावा, भरवसा ठेवू नका. कुंडीसाठी उघड्या शेतातल्या जाती घ्या. कॅलिफोर्निया वंडर ही जुनी सरळ, म्हणजे संकरित नसलेली जात, बी सगळीकडे मिळतं आणि पुढच्या वर्षीसाठी घरचं बी धरता येतं. बंगळुरूच्या आयआयएचआर या सरकारी संस्थेच्या अर्का मोहिनी आणि अर्का गौरव आहेत, मोहिनी पिकल्यावर लाल होते. संकरितमध्ये इंद्रा ही शेतकऱ्यांच्या ओळखीची. पाकीट घेताना मागे उगवणीचा टक्का, तपासणीची तारीख आणि वैधता छापलेली असते ती वाचा, दुकानात उन्हात टांगलेलं पाकीट तारीख चांगली असली तरी मी घेत नाही.

माध्यम म्हणाल तर फक्त कोकोपीट, पण धुतलेला. विटेसारखा दाबून विकतात तो कोकोपीट खारट असू शकतो, फुलवल्यावर दोन-तीनदा भरपूर पाण्यानं धुवून पिळून घ्या. त्यात फार तर पाचवा हिस्सा चांगलं चाळलेलं गांडूळखत, आणि चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून दोन दिवस ठेवलात तर उत्तम. बागेतली माती नको, कच्चं शेणखत तर बिलकुल नको, चिलटं आणि बुरशी दोन्ही तिथूनच येतात. आम्ही ९८ कप्प्यांचा प्रोट्रे, म्हणजे रोपांचा प्लास्टिकचा ट्रे, वापरतो तो जागा आणि गाडीभाडं वाचतं म्हणून, तुम्हाला कसली घाई, ५० कप्प्यांचा घ्या किंवा सरळ खाली भोकं पाडलेले कागदी कप घ्या, मुळांना जागा मिळते. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. वर ठेवलंत तर रोप बियाची टोपी डोक्यावर घेऊनच येतं आणि पानं उघडत नाहीत, अशा वेळी टोपी ओढू नका, पाण्याचा थेंब ठेवून मऊ करा, तासाभरानं आपोआप सुटते.

पाण्यावर जरा जास्त लिहितो कारण तुमचं आडवं पडलेलं रोप पाण्यानंच गेलंय. मातीलगत खोड चिमटल्यासारखं बारीक, तपकिरी झालंय का बघा. असेल तर त्याला आम्ही रोप कोलमडणं म्हणतो, बुरशीचं काम आहे, थंडी अधिक सतत ओल अधिक कोंडलेली हवा एवढं मिळालं की होतंच. ते रोप वाचत नाही, कोकोपीटसकट काढून टाका, त्या कप्प्यात परत बी टाकू नका. बाकीच्यांना औषध शोधण्यापेक्षा पाणी तोडा. उगवल्यावर वरचा थर सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, शेतात आपण वाफसा म्हणतो ना, हाताला ओल लागते पण चिखल होत नाही, तेवढंच. ट्रे उचलून बघायची सवय लावा, हलका लागला तरच पाणी. द्यायचं सकाळी, टाकीतलं गार पाणी थेट नको, बादलीत काढून ठेवून खोलीच्या तापमानाला आलेलं द्या, आणि शक्यतो खालून, परातीत दोन बोटं पाणी घेऊन त्यात ट्रे पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग निथळू द्या. स्प्रे बाटलीनं दिवसातून चार वेळा फुसफुस करण्याची घरोघरी सवय असते ती कृपया सोडा, वर ओलं राहतं आणि मुळाशी कोरडं.

आता लाइट. रोप लांब झालं कारण उगवल्यावर ते हॉलमध्ये काचेच्या आत आलं. आपल्या डोळ्याला खोली लख्ख दिसते पण रोपाला ती अंधारीच, खिडकीपासून दोन-तीन फूट आत गेलं की उजेड फार झपाट्यानं कमी होतो. डिसेंबरात पुण्यात आकाश निरभ्र असतं, तुम्हाला पूर्वेचं ऊन फुकट मिळतंय, मग लाइट कशाला घेताय? दिवसा ट्रे बाल्कनीत, संध्याकाळी सहाच्या आधी आत, एवढा व्याप करा, त्यात उजेड पण मिळतो आणि रात्रीची थंडी पण चुकते. आपल्याकडे लाइटची खरी गरज ऑगस्टात पडते, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा. तेव्हाही ते जांभळं महाग काही घेऊ नका, २० वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब, ज्यावर ६५०० के लिहिलेलं असतं, ती रोपांच्या शेंड्यापासून चार-सहा इंचांवर टांगा आणि दिवसाला १४ ते १६ तास चालू ठेवा. अंतर महत्त्वाचं आहे, छताची ट्यूब मोजायची नाही. रात्री बंद. रोप वाढेल तशी ट्यूब वर घ्यायची. जोडीला छोटा पंखा लांबून अगदी हळू सोडला तर खोड जाड होतं आणि पावसाळ्यातली कोंडलेली हवाही हलते, मला विचाराल तर ऑगस्टात ट्यूबपेक्षा पंख्याचा फायदा जास्त.

खत पहिली दोन गुळगुळीत पानं असताना काहीच नको. खरी पानांची जोडी आली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पुढे एक ग्रॅमपर्यंत. जास्त दिलंत तर रोप मऊ, लुसलुशीत होतं आणि मग थ्रिप्सची, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक फुलकिड्यांची मेजवानी. पानं वरच्या बाजूला वळून वाटीसारखी व्हायला लागली तर थ्रिप्स, खालच्या बाजूला वळली तर बहुधा कोळी, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे माइट. लोक दोन्ही प्रकारच्या पानं वळण्याला बोकड्याच म्हणतात पण औषध वेगळं लागतं. रोपाच्या वयात घरी दोनचार रोपांवर कडक औषध मारण्यात अर्थ नाही, पानाच्या खालून पाण्याचा बारीक फवारा आणि निंबोळी तेल एवढ्यावर निभावतं, आणि शेजारच्या कुंडीत साधी मिरची बोकड्यानं वळलेली असेल तर आधी ती हलवा, तिथूनच येतंय. नर्सरीला आम्ही चारी बाजूंनी बारीक कीडरोधक जाळी लावतो ती यासाठीच.

रोप चार-सहा खऱ्या पानांचं, सहा इंचांच्या आसपास झालं की कुंडीत. त्याआधी आठवडाभर पाणी थोडं कमी करा आणि उन्हाची सवय लावा, पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत. घरात वाढलेलं रोप एकदम दिवसभराच्या उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात. टोमॅटोचं रोप लांबट झालं तर आपण खोड गाडून टाकतो आणि त्यातून मुळं फुटतात, ढोबळीत ते तितकंसं होत नाही, म्हणून मुळाचा गड्डा न फोडता होतं त्याच पातळीला किंवा एखाद बोट खाली लावा. एका झाडाला दहा-बारा इंचांची कुंडी, एका कुंडीत दोन झाडं कोंबू नका.

म्हणजे आता तुमच्यासाठी हिशेब असा. उरलेली दोन रोपं टाकू नका. पहिल्या दोन पानांच्या खालपर्यंत कोकोपीटचा आधार देऊन एकेका कपात हलवा, बाल्कनीतलं सकाळचं ऊन आणि रात्री आत. ती जगली तर मार्चमध्ये ५० टक्के हिरवी शेडनेट टांगा, पूर्वेच्या बाल्कनीत थोडी फळं मिळूही शकतात, छोटी असतील. उन्हाळ्यात फळ आलं नाही तरी झाड उपटू नका, हलकी छाटणी करून सावलीत ठेवलं आणि जगलं तर पावसाळ्यात परत फुटतं. डिसेंबर-जानेवारीत नवीन बी मात्र टाकू नका. बहिणीला सांगा तिचं बरोबर आहे, उगाच दोघींत वाद नको.

पाकिटात जे बी उरलंय ते ऑगस्टपर्यंत नीट टिकतं. पाकीट घट्ट गुंडाळून काचेच्या छोट्या बरणीत, सोबत औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी, आणि बरणी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. काढाल तेव्हा बरणी लगेच उघडू नका, तास-दोन तास बाहेर राहू द्या, नाहीतर गार बियांवर हवेतलं पाणी धरतं. ऑगस्टात आधी पाचच बिया फडक्यात घालून बघा, तीन-चार उगवल्या तर बाकीच्या टाका.